ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरी ऑनलाईन: एकट्या 'बोर्ड'वर घेतलेली टेस्ट

डिक्शनरी चांगली का वाईट हे अवघड शब्दांवरून कळतच नाही, त्यांना बहुतेक वेळा एकच अर्थ असतो आणि तो कुठलंही अ‍ॅप सांगतं. साधं नाम टाकून बघा, मग कळतं. मी 'बोर्ड' टाकलं.

आधी एका फुकट अ‍ॅपमध्ये बघितलं तर फळी, फलक, मंडळ, विषय संपला. मग 'रूम अँड बोर्ड' वाचताना काय समजायचं, खोली आणि मंडळ?? तिथे बोर्ड म्हणजे जेवण. हॉटेलवाले 'हाफ बोर्ड' म्हणतात तेव्हा नाश्ता आणि एक वेळचं जेवण, 'फुल बोर्ड'मध्ये तिन्ही.

ऑक्सफर्डवाल्यांनी हे सगळे अर्थ सुटे केलेत, प्रत्येकाला उदाहरण आहे, आणि मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे मोजता येतं की नाही ते अर्थागणिक सांगतात. जेवणाचा बोर्ड मोजायचा नाही, त्यामुळे आधी इंग्लिशमधला 'अ' (a) लावायचा नाही, नोटीस बोर्डाला मात्र लावायचा. कंपनीचं बोर्ड, म्हणजे संचालक मंडळ, असेल तर ब्रिटिश लोक 'इज' पण म्हणतात आणि 'आर' पण. हे मराठी अर्थ पाठ करून कधीच कळलं नसतं.

आता तक्रार. फळी, जेवण आणि डायरेक्टर लोक एकाच शब्दात कसे आले, हे अर्थांची यादी वाचून समजत नाही, त्यासाठी खाली वर्ड ओरिजिनचा, म्हणजे शब्द कुठून आला त्याचा, बारका बॉक्स उघडावा लागतो आणि तिथेही मोजकंच. खरं तर धमाल तिथेच आहे हो! फळीचं झालं टेबल, टेबलावर आलं जेवण, टेबलाभोवती बसले ते संचालक. पत्ते खेळताना हात टेबलाच्या वर दिसले पाहिजेत म्हणून सरळ व्यवहाराला 'अबव्ह बोर्ड'. जुन्या इंग्लिशमध्ये जहाजाच्या कडेलाही बोर्डच म्हणायचे, त्यातून 'ओव्हरबोर्ड' (जहाजावरून पाण्यात) आलं. एवढं दोन ओळीत वरच दिलं असतं तर निम्मे अर्थ आपोआप लक्षात राहिले असते. वाक्प्रचारही पार तळाला आहेत, मोबाईलवर स्क्रोल करून अंगठा दुखतो.

उच्चार ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही ऐकायला मिळतात, ते झकास. 1948 पासून चालत आलेली हॉर्नबी या कोशकाराची डिक्शनरी आहे, व्याख्या सोप्या शब्दात असतात, पण इंग्लिशमध्येच, त्यामुळे अगदी नवशिक्यांनी सोबत मराठी कोश ठेवा. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार.