पडून असलेली मॅसी: हाफ इंजिन की फुल?

गोठ्यामागे चार-पाच पावसाळे उभा राहिलेला ट्रॅक्टर पुन्हा चालू करायचा म्हटलं की मिस्त्री पहिला प्रश्न हाच विचारतो: हाफ करायचं की फुल? हातात पैसे असतील तर विचार करायची गरज नाही, फुल करून मोकळं व्हावं. ज्यांना दोनदा मोजून एकदा खर्च करावा लागतो, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आमच्या घरात मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या दोन १०३५ आहेत, एक माझी आणि एक चुलतभावाची, म्हणजे दादाची. दोन्ही बऱ्यापैकी एकाच वयाच्या, दोन्ही पडून राहून जाम झालेल्या. दादाने फुल काम काढलं, मी हाफ. इंजिन दोन्हीकडे तेच, सिम्पसनचं, पर्किन्सच्या घराण्यातलं तीन सिलिंडरचं. दुसऱ्या कंपनीचा ट्रॅक्टर असेल तर बारकावे बदलतील, पण हिशेब साधारण असाच बसेल असं मला वाटतं.

हाफमध्ये हेड वरून उतरतं, चेंबर (तेलाचं भांडं) खालून निघतं, पिस्टन वरून बाहेर येतात. लायनर-पिस्टन-रिंगचा किट (लायनर म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो ती नळी), बिगएन्ड बेअरिंग (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथली), हेडचं फेसिंग आणि व्हॉल्व्ह लॅपिंग एवढ्यात काम आटोपतं. क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा खालचा दांडा, जागेवरच राहतो. फुलमध्ये क्रँक बाहेर काढून ग्राइंडिंगला जातो, मेन बेअरिंग (क्रँक ब्लॉकमध्ये ज्यांवर फिरतो ती) नवी पडतात, ऑइल पंप खोलला जातो, आणि त्यासाठी ट्रॅक्टर मधून तोडावा लागतो, म्हणजे पुढचं इंजिन मागच्या भागापासून अलग करावं लागतं. पुढचं सगळं या तोडण्याभोवतीच फिरतं.

आधी इंजिन जाम कशाने झालंय ते बघा. उभ्या सायलेन्सरवर पत्र्याचा डबा उपडा घालायचा राहून जातो. मग ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असतो त्यात पावसाचं पाणी सरळ उतरतं. माझं हेड काढलं तेव्हा पहिले दोन लायनर नुसते काळवंडलेले होते. तिसऱ्यात मात्र वरची रिंग जिथे थांबली होती तिथे विटकरी रंगाचं कडं चढलं होतं. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने खरवडलं तर खपली निघाली आणि खाली बारीक खड्डे दिसले. तेवढ्या कड्याने सगळं इंजिन धरून ठेवलं होतं. बाकी खाली क्रँकवर जुन्या तेलाचा काळा थर तसाच होता, गंजाचा ठिपका नव्हता. अशा इंजिनाला फुल काम म्हणजे दुखतं एकीकडे आणि औषध दुसरीकडे.

जाम सोडवताना घाई मात्र नको. नोझलच्या भोकातून डिझेल आणि पातळ तेल सोडून काही दिवस तसंच ठेवा, आणि नोझल काढलेल्या अवस्थेतच क्रँकच्या पुलीवरून पाना लावून मागे-पुढे हलवून बघा. दुसऱ्या ट्रॅक्टरला साखळी बांधून ओढू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. मग हाफ-फुलचा हिशेबच बदलतो.

या इंजिनाचे लायनर ड्राय आहेत, म्हणजे लायनरच्या पाठीला पाणी लागत नाही. ते जागेवरच पुलरने ओढून काढता येतात, आणि बाजारात आतून तयार मापाचे लायनर मिळतात. ब्लॉक शाबूत असेल तर तो बोअरिंगला न्यावा लागत नाही. हाफ काम आपल्या अंगणात होऊ शकतं ते याच्यामुळे. ज्यांच्या इंजिनाला वेट लायनर आहेत त्यांनी खाली ओ-रिंग बसते ती जागा नीट बघावी. तिथे गंजाने खड्डे पडले असतील तर पाणी तेलात उतरतं.

आता क्रँक. हाफ करायचं ठरवलं तरी तो तपासायचाच. बिगएन्डच्या टोप्या सोडल्या की जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गुळगुळीत भाग) फडक्याने स्वच्छ पुसा आणि नख आडवं ओढा. नख अडकलं तर हाफचा विषय तिथेच संपला. निघालेले शेल, म्हणजे बेअरिंगचे अर्धगोल तुकडे, बघा: राखाडी आणि एकसारखे घासलेले असतील तर ठीक, तांबं उघडं पडलं असेल तर काळजीचं. शेलच्या पाठीवर साइझ कोरलेली असते, स्टँडर्ड, दहा, वीस, तीस, म्हणजे क्रँक आधी किती थाउ (इंचाचा हजारावा भाग) घासून बारीक केलाय ते. आधीच तीसवर आलेला क्रँक असेल तर ग्राइंडिंगला सहसा जागाच उरत नाही, क्रँकच शोधावा लागतो. आणि ट्रॅक्टर उभा राहायच्या आधी ज्याने शेवटचा चालवला त्याला आवर्जून विचारा, की गरम झाल्यावर स्लोवर ऑइल प्रेशरचा काटा पडायचा का? माझ्या बाबतीत वडील म्हणाले, काटा कधी पडला नाही. माझा निम्मा निर्णय त्या उत्तरावर झाला.

खर्चाचं म्हणाल तर दादाचं बिल माझ्या जवळपास दुप्पट झालं. त्यात सुट्या भागांचा वाटा मला वाटला होता त्यापेक्षा कमी निघाला. क्रँक ग्राइंडिंगला कोल्हापूरला उद्यमनगरात नेणं-आणणं, तिथला नंबर लागेपर्यंत थांबणं आणि तोडजोडीची मजुरी, यातच जास्त गेले. ग्राइंडिंग मात्र सुरेख झालं होतं. आजही दादाचा ट्रॅक्टर गरम झाल्यावर माझ्यापेक्षा ऑइल प्रेशर चांगलं दाखवतो, हे मान्य करायला हवं. पाच-सहा तास सलग नांगरट झाली की माझा काटा थोडा खाली येतो, त्याचा तसाच राहतो.

तरीही मी हाफच्या बाजूला झुकलो ते एका गोष्टीमुळे, आणि ती दादाच्या ट्रॅक्टरवर डोळ्यांसमोर घडली. काम पूर्ण झालं, रंगबिंग झाला, ट्रॅक्टर शेतात गेला. थोड्याच दिवसांत नांगर लावला की इंजिनाचा आवाज चढायचा आणि ट्रॅक्टर जागेवर. क्लच घसरत होता. खाली वाकून बघितलं तर बेलहाउसिंगच्या (क्लच ज्यात बसतो त्या घराच्या) तळाच्या भोकाला तेलाचा थेंब लोंबत होता. मागच्या मेनचं सील, म्हणजे क्रँकच्या मागच्या टोकाला इंजिनातलं तेल अडवणारं.

जुन्या इंजिनांना तिथे दोरीचं सील असतं. दोन अर्धगोल हाउसिंगच्या खाचेत ती दोरी दाबून, गोल दांड्याने घोटून बसवायची असते आणि तिची टोकं खाचेच्या किंचित बाहेर ठेवायची असतात, म्हणजे दोन्ही अर्धे जुळले की ती एकमेकांवर दाबली जातात. टोकं सपाट कापली तर तेल तिथून वाट काढतं, जास्त बाहेर ठेवली तर हाउसिंग नीट मिटत नाही. सील किरकोळ किमतीचं, पण ते बसलं की नाही हे सगळं जोडून, ट्रॅक्टर कामाला लागल्यावरच कळतं. दुरुस्त करायचं म्हणजे पुन्हा मधून तोडा. मजुरी पुन्हा, तेलात भिजलेली क्लचप्लेट नवी, आणि तोवर मृग लागलेला. ज्या ट्रॅक्टरवर एवढा पैसा घातला तो गॅरेजात दोन तुकड्यांत उभा, आणि दादा दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला तासाचं भाडं मोजतोय. खर्चाची दुप्पट मला सोसली असती, हे बघवलं नाही.

माझ्या ट्रॅक्टरचं ते सील जुनंच आहे. थोडं पाझरतं, पण क्लचपर्यंत पोचत नाही. जे बसलेलं आहे ते मी हलवलं नाही.

हाफची उणी बाजूही सांगतो. वर नवं कॉम्प्रेशन आलं की खालची जुनी बेअरिंग बोलायला लागतात, असं जुने मिस्त्री म्हणतात, आणि त्यात तथ्य असावं. म्हणून ज्यांना साखर कारखान्याला दोन ट्रेलर ऊस ओढायचा आहे किंवा ट्रॅक्टर रोज भाड्याने पाठवायचा आहे, त्यांनी फुलचाच विचार करावा. पूर्वीपासून काटा पडत असेल, तेलात पाणी मिसळून तसंच राहिलं असेल किंवा खालून ठोका येत असेल, तर हाफ करणं म्हणजे किटचे पैसे वाया घालवणं. पण स्वतःची पाच-सात एकर, सरी, फणपाळी, शेणखताची ट्रॉली एवढंच काम असेल तर हाफ पुरतं, निदान मला तरी पुरलंय.

काही खर्च दोन्हीकडे सारखाच आहे आणि तो टाळू नये. टाकीतलं जुनं डिझेल पूर्ण काढा, तळाला पाणी आणि गंजाचा गाळ असतो. डिझेलचा पंप रोटरी असेल तर त्याला वंगण डिझेलचंच मिळतं, त्यामुळे डिझेलमधलं पाणी पंपाच्या आत गंज करतं. तो न उघडता इंजिनाला लावू नका, कॅलिब्रेशन करून घ्या, नोझलचा स्प्रे तपासून घ्या. पैसे वाचवायचे तर रंग, सीट, बोनेट, मीटर, हेडलाइटवर वाचवा. रिंग आणि हेड गॅसकेटवर नको.

हाफ केल्यावर इंजिन गरम करून हेडचे नट पुन्हा टॉर्कने ओढून घ्या आणि टॅपेटची (व्हॉल्व्हवरची) फट बघा. या इंजिनाला गरम असताना दहा थाउ, थंड असताना बारा. सुरुवातीला तासन्‌तास स्लोवर ठेवू नका, रिंग बसत नाहीत. हलकं ओझं देऊन चालवा. पहिलं तेल लवकर बदला.

काम कुठलंही काढा, ते पावसाच्या तोंडावर काढू नका. दिवाळीनंतर रब्बीची पेरणी उरकली की हात मोकळा असतो. आणि फुलच करायचं ठरलं तर क्रँक ग्राइंडिंगवरून परत येईल त्या दिवशी घरी बसू नका. मागच्या मेनची दोरी बसवताना मिस्त्रीच्या शेजारी उभे राहा आणि टोकं कापण्याआधी एकदा बघून घ्या.