नव्या घरात टीव्ही: छत्री की फायबर? आधी बाल्कनी कुठे तोंड करते ते बघा

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की टीव्हीसाठी डीटीएच (उपग्रहाची छत्री) घ्यायचं की इंटरनेटवर भागवायचं, यावर घरात चर्चा सुरू होते ती पॅकच्या किमतीवरून. पॅक दर महिन्याला बदलता येतो. बाल्कनीची दिशा आणि भिंतीतले पाइप बदलता येत नाहीत. म्हणून सुरुवात तिथून.

भारतात दिसणारे डीटीएचचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर उभे असतात, म्हणजे महाराष्ट्रातून ते दक्षिणेकडे किंवा आग्नेयेकडे दिसतात. पुण्याहून टाटा प्लेचा उपग्रह (८३ अंश पूर्व रेखांशावर) कंपासवर (१८० म्हणजे दक्षिण) साधारण १५३ अंशांवर, क्षितिजापासून ६६ अंश उंच. डीडी फ्री डिश (९३.५ अंश) १३२ अंशांवर, ५९ अंश उंच. डिश टीव्हीचा ९५ अंशांवरचा उपग्रह त्याच्या जवळपास. एअरटेलचा (१०८.२ अंश) मात्र ११५ अंशांवर, म्हणजे पूर्वेकडे बराच झुकलेला आणि फक्त ४५ अंश उंच. मुंबई-ठाण्यात एखाद-दुसऱ्या अंशाचा फरक पडतो. नागपुरात टाटा प्लेची छत्री जवळजवळ सरळ दक्षिणेला करावी लागते. बाल्कनी उत्तरेला किंवा पश्चिमेला असेल तर छत्री गच्चीवरच जाईल आणि त्याला सोसायटीची परवानगी लागेल. मोबाइलच्या कंपासवर दिशा बघताना ग्रिलपासून दोन-तीन फूट लांब उभं राहा, लोखंडाजवळ सुई हमखास फसवते.

वरच्या मजल्याच्या स्लॅबचं गणित बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. छत्री कठड्याच्या उंचीवर असेल आणि वरचा स्लॅब तिथून दोन मीटरवर असेल, तर ६६ अंशांवरच्या उपग्रहासाठी छत्री स्लॅबच्या बाहेरच्या कडेपासून अडीच फुटांच्या आत हवी. चार फूट खोल बाल्कनीच्या आतल्या भिंतीवर ती बसवली तर सिग्नल येणारच नाही. ४५ अंशांवरच्या उपग्रहाला तीच छत्री सहा फूट आत असली तरी चालते. त्यामुळे पूर्वेकडची झाकलेली बाल्कनी असेल तर कंपनी कोणती हे पॅकपेक्षा बाल्कनीच ठरवते. आणि छत्री बघून अंदाज बांधू नका. ती ऑफसेट प्रकारची असते, जेवढी उभी दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघत असते.

गच्चीवरून खाली केबल आणायची तर लांबी मोजा. चांगल्या आरजी-६ (छत्रीच्या नेहमीच्या गोल) केबलवर तीस मीटरपर्यंत चिंता नाही. त्यापुढे सिग्नल उतरतोच, शिवाय छत्रीपुढच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या डबीला) बॉक्सकडून जाणारा १३ किंवा १८ व्होल्टचा पुरवठाही वाटेत गळतो. या दोन व्होल्टेजवरच एलएनबी उभं की आडवं ध्रुवण (लहरी कोणत्या दिशेने हलतात ते) घ्यायचं ते ठरवतो. म्हणून केबल लांब आणि स्वस्त असली की अर्धे चॅनेल दिसतात, अर्धे गायब होतात, आणि घरमालक उगाच बॉक्सला शिव्या घालतो. तांब्याच्या गाभ्याची केबल मागा, तांब्याचा मुलामा दिलेल्या लोखंडी गाभ्याची नको. दुसऱ्या खोलीत दुसरा बॉक्स हवा असेल तर ट्विन (दोन केबल जोडता येणारा) एलएनबी आणि स्वतंत्र दुसरी केबल लागते; साधा स्प्लिटर लावून दोन बॉक्स नीट चालत नाहीत.

पावसाळ्याबद्दल स्पष्ट बोलू. डीटीएच ज्यावर येतं त्या कु बँडच्या लहरी मोठ्या सरीत विझतात, यावर कुठल्याही कंपनीकडे इलाज नाही. सर ओसरली की चित्र परत येतं. पाऊस थांबून तास झाला तरी चित्र येत नसेल, तर बहुधा एलएनबीजवळच्या एफ-कनेक्टरमध्ये (केबल जोडायच्या पेचात) पाणी शिरलेलं असतं. बसवतानाच तिथे रबरी टोपी किंवा चिकटणारी रबर टेप लावून घ्या आणि घरात शिरण्याआधी केबलला खाली एक झोल ठेवायला सांगा, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल, भिंतीत शिरणार नाही. कोकणात ६० सेंटिमीटरऐवजी ९० सेंटिमीटरची छत्री मिळाली तर जरूर घ्या. खाऱ्या हवेत नटबोल्टही गंजतात, तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत ते एकदा घट्ट करून ग्रीस लावा.

आता फायबर. एका टीव्हीवर एचडी चित्राला ५ ते ८ एमबीपीएसचा इंटरनेट वेग पुरतो, फोर-के चित्राला २५ धरा. म्हणजे ३०-४० एमबीपीएसचा सर्वांत स्वस्त प्लॅन एका टीव्हीला आणि घरातल्या फोनना पुरेसा आहे. ३०० एमबीपीएस घेऊन मालिका जास्त सुंदर दिसत नाही. डेटा मोजा: एचडीला तासाला सुमारे ३ जीबी. रोज सहा तास टीव्ही चालला तर महिन्याला ५४० जीबी. फायबरच्या प्लॅनला सहसा ३,३०० जीबीची मर्यादा असते, तिथे प्रश्नच नाही. पण फायबर न पोचलेल्या नव्या वस्तीत ५जी एअरफायबर (मोबाइलच्या लहरींवरचं बिनतारी इंटरनेट) देतात, त्याची मर्यादा साधारण १,००० जीबी. एक टीव्ही निभावतो, दोन टीव्ही महिनाअखेरीला रखडतात.

बफरिंगच्या बऱ्याच तक्रारी कंपनीच्या नसून वायफायच्या असतात. राउटर दारामागच्या कपाटात आणि टीव्ही दोन आरसीसी भिंतींपलीकडे, मग वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा वेगवान पट्टा तिथे पोचत नाही आणि २.४ वर शेजारच्या वीस राउटरांची गर्दी. उपाय एकच आणि स्वस्त: टीव्हीपर्यंत कॅट-६ (इंटरनेटची लॅन) केबल. बहुतेक टीव्हींचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो, तरी तो वायफायपेक्षा भरवशाचा.

वीज गेल्यावर काय, हेही विचारून घ्या. घरापर्यंत खरं फायबर येत असेल तर मधला स्प्लिटर (एक फायबर अनेक घरांत वाटणारा) विजेशिवाय चालतो; राउटरला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावला की इन्व्हर्टरवर टीव्ही सुरू राहतो. काही ठिकाणी मात्र फायबर इमारतीच्या डक्टपर्यंतच (वायरी-पाइप जायच्या उभ्या पोकळीपर्यंतच) येतं आणि तिथल्या स्विचमधून घरोघर लॅन केबल जाते. जिन्यातली वीज गेली की तुमचा यूपीएस शोभेला.

मराठी घराला खरा फरक कळतो तो मालिकांच्या वेळी. झी मराठी झी५ वर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर, सोनी मराठी सोनीलिव्हवर. चार चॅनेलांसाठी तीन अ‍ॅप, तीन पासवर्ड आणि आजींच्या हातात बाणांचा रिमोट. अ‍ॅपचे सर्वांत स्वस्त प्लॅन बरेचदा फक्त मोबाइलपुरते असतात, नेटफ्लिक्सचा १४९ रुपयांचा तसाच आहे. टीव्हीवर तो चालत नाही. डीटीएचवर हे चारही चॅनेल एका पॅकमध्ये, आकडा दाबला की हजर. तिथे चॅनेलच्या किमतीवर नेटवर्क शुल्क असतं. ते पूर्वी २०० चॅनेलांपर्यंत जास्तीत जास्त १३० रुपये, जीएसटीसह १५३ रुपये ४० पैसे होतं. २०२४ मध्ये ट्रायने (दूरसंचार नियामकाने) ही कमाल मर्यादा उठवली, तेव्हा बिलात ती ओळ वेगळी बघा. क्रिकेटवाल्यांसाठी: अ‍ॅपवरचा सामना डीटीएचच्या बराच मागे चालतो, शेजारी ओरडल्यावर तुम्हाला विकेट दिसते.

आमचा कौल असा. फायबर येणारच असेल आणि घरात सगळे अ‍ॅप चालवणारे असतील तर डीटीएच घेऊ नका. ज्येष्ठ मंडळी असतील तर फायबरवालाच सेट टॉप बॉक्ससह चॅनेल देतो का ते विचारा. देत नसेल तर डीटीएचचा छोटा मराठी पॅक घ्या. फ्री डिशला मासिक पैसे नाहीत, सह्याद्री मिळते, पण झी मराठी आणि स्टार प्रवाह मिळत नाहीत. गावच्या घराला ती उत्तम, शहरात मालिकावाल्यांचं भागत नाही.

काहीही निवडा, पीओपी आणि रंगाआधी टीव्हीच्या मागे २५ मिलिमीटरचे दोन पाइप टाकून घ्या: एक बाल्कनीकडून आरजी-६ साठी, दुसरा दारावरच्या डक्टकडून कॅट-६ साठी. दोन्हींत ओढतार सोडा, वळणं गोल ठेवा. विजेची वायर त्यात घालू देऊ नका, वायरमन घालतोच. टीव्हीमागे सॉकेट किमान चार हवेत. आणि बिल्डरने एकाच इंटरनेट कंपनीशी करार केला आहे का, हे ताबा घेतानाच लेखी विचारा. दुसऱ्या कंपनीला डक्टमध्ये वायर टाकू देत नाहीत हे बहुतेकांना रंग वाळल्यावर कळतं.