जुन्या पेट्रोल टाकीखालची जमीन: आधी वायू तपासावा की बोअर मारावा?

बंद पडलेल्या पंपाची टाकी काढली की खालच्या जमिनीत इंधन झिरपलंय का, हे तपासताना पहिला प्रश्न खर्चाचा येतो. मातीतला वायू तपासणं स्वस्त पडतं. पोकळ सळई दीड-दोन मीटर ठोकायची, हवा ओढायची, त्यातली इंधनाची वाफ मोजायची. पेट्रोल कुठल्या बाजूला सरकलंय याचा अंदाज त्यातून पटकन येतो. पण डिझेल फारसं उडत नाही, ते या तपासणीतून निसटतं. शिवाय पावसाळ्यात काळी माती इतकी गच्च होते की सळईतून हवाच येत नाही.

निरीक्षणाचा बोअर महाग, पण त्यात पाणी प्रत्यक्ष हाती लागतं. पारदर्शक बेलर (पाण्याचा नमुना काढायची लांब नळी) बोअरमध्ये सोडून हळूच वर काढा: पाण्यावर तरंगणारा इंधनाचा थर डोळ्यांदेखत पट्टीनं मोजता येतो. पाण्यात विरघळलेलं बेन्झीन, म्हणजे पेट्रोलमधला विषारी घटक, मात्र दिसत नाही, त्याला प्रयोगशाळाच हवी. पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे फक्त १० मायक्रोग्रॅम आहे.

आपल्या दख्खनच्या काळ्या खडकात पाणी भेगांतून वाहतं. एक बोअर स्वच्छ निघतो, तर जवळच्याच दुसऱ्याला पेट्रोलचा वास येऊ शकतो. शेजारी पिण्याची विहीर असेल तर वायूच्या आकड्यावर अजिबात थांबू नका. किमान तीन बोअर घ्या. तिन्हींतली पाण्याची पातळी मोजल्याशिवाय प्रवाहाची दिशा कळत नाही.