स्पीती की लडाख? खान्देशातून चार-पाच गाड्या काढणाऱ्यांसाठी

चार-पाच फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या) गाड्या, आठ-दहा माणसं, पंधरा दिवसांची सुट्टी आणि तंबूत राहायची हौस, एवढं जमलं की जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही ग्रुपात वाद एकाच मुद्द्यावर अडतो: लडाख की हिमाचलमधली स्पीती? तिसरं नाव जैसलमेरचं निघतं, ते आधीच बाजूला काढतो. तिथल्या सम गावच्या वाळूत गाडी घालायला मजा येते, पण तिथे डोंगर नाहीत, हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा, आणि डेझर्ट नॅशनल पार्क लागूनच असल्याने मन मानेल तिथे चाक वळवता येत नाही. हिवाळ्यातल्या चार दिवसांच्या सुट्टीला ते ठीक.

माझं मत: ग्रुपातले निम्म्याहून जास्त लोक एवढ्या उंचीवर पहिल्यांदाच जाणार असतील तर स्पीती, आणि तीही शिमला-किन्नौरच्या बाजूने. "लडाखच करू ना भो, जायचं तर मोठंच जायचं," हे वाक्य प्रत्येक ग्रुपात एक जण म्हणतोच. त्याला आधी एवढंच विचारा, की दुसऱ्या रात्री झोपायचं कुठे?

कारण खरी अडचण तीच आहे. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटरवर. मनालीमार्गे लेहला निघालात तर मनालीच्या २,००० मीटरवरून दुसऱ्याच दिवशी सरचूला पोचता, म्हणजे जवळजवळ ४,३०० मीटर. तिथल्या तंबूतली रात्र डोकं धरून, ओकाऱ्या काढत घालवलेले लोक कोणत्याही शहरात भेटतील. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा साधा दंडक आहे. सरचू तो एका दमात मोडतो. किन्नौरच्या वाटेवर नारकंडा, कल्पा, नाको, ताबो, मग काझा असे मुक्काम आपोआप पडतात. ताबो तर नाकोपेक्षा खालीच आहे, तिथे झोप छान लागते, आणि सकाळी इ.स. ९९६ चा मठ पाहून निघता येतं. काझाला सुमारे ३,७०० मीटरवर पोचेपर्यंत शरीराने बरंचसं जमवून घेतलेलं असतं.

श्रीनगर-कारगिलमार्गे गेलं तर लेहची चढणही सौम्य होते, हे मान्य. कारगिल २,७०० मीटरच्या आत आहे. पण खान्देशातून श्रीनगर आणखी लांब, आणि लेहनंतर पँगाँग, हानले असे मुक्काम पुन्हा सव्वाचार-साडेचार हजारांवरच. एक गोष्ट मात्र लडाखच्या बाजूने प्रामाणिकपणे मांडली पाहिजे: लेहला मोठं सरकारी रुग्णालय आहे, विमानतळ आहे. काझात कुणाचं बिनसलं तर त्याला गाडीत घालून खाली उतरवणं हाच मुख्य उपाय. म्हणून स्पीतीला कमीत कमी तीन गाड्या हव्यात, एक परत फिरली तरी उरलेल्या एकमेकींना धरून राहतील अशा. उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्सच्या गोळ्या मेडिकलवाल्याला विचारून नाही, डॉक्टरांना विचारून घ्या.

आता सुट्टीचा हिशोब. धुळ्याहून निघणारा ५२ नंबरचा हायवे इंदूर, कोटा, जयपूर, हिसार करत थेट पंजाबात संगरूरला जातो, त्यामुळे रस्ता चुकायचा प्रश्न नाही. चंदीगड चौदाशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन चार दिवस गेलेच. शिमल्याहून काझा आणि कुंझुमची खिंड ओलांडून मनाली, हा स्पीतीचा फेरा चंदीगड ते चंदीगड साधारण हजार किलोमीटरचा. लडाखला नुब्रा, पँगाँग, हानले धरलं तर त्याच्या दुपटीहून जास्त. पंधरा दिवसांत लडाख होतं, पण मग ते पाहणं कमी आणि ड्रायव्हिंग जास्त. अठरा-वीस दिवस असतील तरच त्याचं नाव काढा.

आणि गाडी? इथे पुष्कळांचा हिरमोड होईल. लेहच्या नेहमीच्या फेऱ्यातला बहुतेक रस्ता सीमा सडक संघटनेने चांगला डांबरी केलाय. खारदुंगला खिंडीत साध्या हॅचबॅकही चढतात. ज्यांना फोर-लो (चारही चाकांचा सगळ्यात ताकदीचा, मंद गिअर) टाकायची खाज आहे, त्यांनी रस्ता सोडला की दंड. नुब्रातल्या हुंदरच्या वाळूच्या टेकड्यांवर गाडी घालणाऱ्या पर्यटकांवर पोलिसांनी कारवाई केली आहे, पँगाँगच्या पाण्यात गाडी नेणाऱ्यांचीही खबर घेतली गेली आहे. घ्यायलाच पाहिजे.

स्पीतीत मात्र लोसर-कुंझुम-बातल-ग्राम्फू हा टप्पा फोर बाय फोरचं काम काढतो. रुंदीकरण चालू आहे, तरी दगडगोटे आणि रस्त्यावरून वाहणारे नाले आहेतच. हे नाले हिमनदीच्या पाण्याचे. पहाटे घोट्याएवढं असलेलं पाणी ऊन चढेल तसं वाढतं आणि दुपारी बंपरला लागतं. म्हणून काझ्याहून अंधारातच निघायचं. नाल्यापाशी सगळ्यांनी एकदम घुसायचं नाही. एकाने गमबूट घालून काठीने तळ चाचपायचा, मोठा धोंडा कुठे आहे ते हाताने दाखवायचं, मग पहिली गाडी फोर-लोमध्ये, पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरवर, मध्ये क्लच न दाबता, एकसारख्या वेगाने. ती पलीकडे उभी राहिली की दुसरी. टायरची हवा २२-२४ पीएसआयपर्यंत उतरवली की दगडांवर पकड वाढते आणि आतल्या माणसांचे मणकेही वाचतात. पण डांबर लागताच परत भरायची, म्हणजे कॉम्प्रेसर प्रत्येक ग्रुपात एक तरी हवाच.

जिम्नीवाल्यांसाठी: हलकी गाडी नाल्यात सोपी जाते, पण टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नसल्याने साडेचार हजार मीटरवर इंजिनाची ताकद तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कमी होते. टाकीही ४० लिटरचीच. सामान कमी भरा. टर्बोवाल्या थार-स्कॉर्पिओला हा त्रास बराच कमी.

तंबूचं दोन्हीकडे सारखंच: झाड नाही, लाकूड नाही. पऱ्हाट्यांचा जाळ करून भरताची पार्टी करायची आपली सवय तिथे चालत नाही. जे काही सरपण आहे ते तिथल्या माणसांनी हिवाळ्यासाठी जपलेलं असतं. कुंझुमजवळच्या चंद्रताल तलावाच्या काठावर तंबू टाकू देत नाहीत, कॅम्प अलीकडे आहेत. त्या उंचीवर पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे पातेल्यातली तूरडाळ तासाभरानेही टचटचीत राहते. कुकर न्या. नुसत्या ब्युटेनचा छोटा सिलिंडर थंडीत शून्याच्या आसपास दम सोडतो, तो रात्री झोपण्याच्या पिशवीत घेऊन झोपायचा. घरून बिबडे, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा नेला तर निम्मा स्वयंपाक वाचतो.

कागदपत्रांत स्पीती सोपी, भारतीयांना परवाना लागत नाही. लडाखला नुब्रा-पँगाँगच्या बाजूसाठी आधी ऑनलाइन नोंद आणि शुल्क. शिवाय महाराष्ट्राचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड पाहिजे. सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय कुठेच नेऊ नका.

स्वतःची गाडी न्यायची नसेल तर भुसावळहून झेलम एक्सप्रेसने अंबाला, आणि तिथून हिमाचलची गाडी ड्रायव्हरसकट, हे स्पीतीसाठी उत्तम जमतं. लडाखमध्ये बाहेरची भाड्याची गाडी स्थानिक टॅक्सीवाले फिरू देत नाहीत. तिथलीच घ्यावी लागते.

निघण्याआधी सराव करायचा तर तोरणमाळला तंबू टाकून पाहा, पण यावलच्या अभयारण्यात आडवाटेला शिरू नका. गिरणेच्या पात्रात तर रात्री मुळीच नको. तीन-चार गाड्यांचे दिवे दिसले की वाळूचोर समजून गाव गोळा होईल. त्यापेक्षा ओळखीच्या कुणाचं नांगरलेलं रान बघा. पहिल्या पावसानंतर काळ्या मातीत गाडी मुद्दाम रुतवा आणि ग्रुपातल्या प्रत्येकाला, एकदा तरी, दोर लावून ती स्वतःच्या हाताने काढायला लावा.