टर्किश टॉवेलाचं माकड, १८० रुपये

योगेश्वरीच्या दर्शनाहून परतताना बचत गटाच्या स्टॉलवर हे माकड घेतलं. तपकिरी टर्किश टॉवेलाचं, आत कापूस, लांब शेपटी. नातू चौदा महिन्यांचा. पहिल्याच रात्री कुशीत घेऊन झोपला.

मी तीस वर्षं मानसशास्त्र शिकवलं, त्यामुळे टर्किश कापड दिसलं की माकडांवर प्रयोग करणारा मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो आठवतोच. १९३० साली हा अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात रुजू झाला, तर प्राण्यांची प्रयोगशाळा आधीच पाडलेली! मग गावातल्या विलास पार्कच्या प्राणिसंग्रहालयातली माकडं बघत बसला, पुढे खोक्यांच्या एका जुन्या कारखान्यात बिऱ्हाड मांडलं. बाहेरून आणलेली माकडं आजारी निघायची, म्हणून स्वतःच पैदास सुरू केली आणि पिल्लं आईपासून तोडून वाढवली. पिंजऱ्यातली दुपटी काढली की ती आकांत करायची. त्यातून लाकडी ठोकळ्यावर स्पंज आणि टर्किश कापड चढवलेली आई निघाली, पाठीमागे उबेला दिवा. शेजारी नुसत्या तारेची दुसरी आई. दूध त्या तारेच्या आईकडे असलं तरी पिल्लू पिऊन कापडाकडेच परत. त्याच्या प्रयोगशाळेच्या पोटातून १९६०च्या दशकात सरकारी पैशातलं मोठं प्रायमेट (माकडवर्गीय प्राण्यांचं) संशोधन केंद्र उभं राहिलं. १९९५ साली तिथंच जेम्स थॉमसन यांनी ऱ्हीसस माकडाच्या (आपल्याकडचं लाल तोंडाचं माकड) भ्रूणातल्या मूलपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातल्या इतर पेशी बनतात त्या, वेगळ्या केल्या. मात्र पिल्लांना महिनोन्महिने एकटं कोंडण्याचे हार्लोचे प्रयोग मला कधी धड शिकवता आले नाहीत. भारतानं १९७८ मध्ये ऱ्हीसस माकडांची निर्यात थांबवली, बरं केलं.

आता तक्रार. चौथ्या दिवशी बटणाचा एक डोळा सुटून अंथरुणात सापडला. लेकराच्या तोंडात गेला असता तर? दुसराही उपटून टाकला. मग हौसेनं काळ्या दोऱ्यानं डोळे भरले, तर पोरगं माकड पालथं करून धरायला लागलं. हार्लोकडचं एक पिल्लू महिनाभर आधीच जन्मलं, तेव्हा कापडी आईचं तोंड तयार नव्हतं, नुसता लाकडी गोळा. सहा महिन्यांनी रंगवलेल्या तोंडाच्या आया दिल्या, तर ते डोकं फिरवून मागची गुळगुळीत बाजूच पुढे घ्यायचं. मी गपचूप दोरा उसवला.

धुतल्यावर कापसाच्या गुठळ्या होतात, वाळायला दोन उन्हं लागतात. रंग मात्र गेला नाही. पाचपैकी चार.

परवा भाचीच्या लेकीसाठी दुसरं आणायला गेले. बिनडोळ्यांचं द्या म्हटलं, तर बाई हसली, "काकू, आंधळं माकड कोण घेतंय?" मी घेतलं. तिनं दहा रुपये कमी केले.