स्वस्त गॅप विमा आणि ग्वर्नसीतला अंडररायटर : एका पॉलिसीचे परीक्षण

ब्रिटनमध्ये गाडी घेणाऱ्याला मूळ मोटार विम्याच्या जोडीला जी अ‍ॅड-ऑन कवचे विकली जातात, त्यांत गॅप विमा हा बहुधा सर्वांत महागडा आणि सर्वांत कमी वाचला जाणारा प्रकार असतो. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीच्या पलीकडे गेली, तर मूळ विमा कंपनी त्या दिवशीचा बाजारभाव देते. तो बाजारभाव आणि खरेदीच्या वेळी मोजलेली किंमत यांतली तफावत गॅप विम्याने भरून निघते. एका ऑनलाइन ब्रोकरकडून घेतलेल्या अशा तीन वर्षांच्या पॉलिसीचे हे परीक्षण आहे. ब्रोकरचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण ज्या त्रुटीबद्दल पुढे लिहिले आहे ती एकट्या त्याच्याकडेच असेल असे मानण्याचे कारण नाही.

आधी चांगले ते सांगतो. डीलरने शोरूममध्ये सांगितलेल्या किमतीच्या निम्म्याहून कमी पैशांत तेच कवच इथे मिळाले आणि त्यामागे काही चलाखी नव्हती. गाडी विकणाऱ्याने स्वतःच विकलेल्या अशा विम्यावर २० टक्के दराने प्रीमियम कर लागतो, स्वतंत्र ब्रोकरकडून घेतल्यास तो १२ टक्के असतो. पण खरा फरक कमिशनचा आहे. फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटी या नियामक संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये गॅप विम्याची विक्री थांबवण्याविषयी बाजारातल्या बहुतेक कंपन्यांची संमती मिळवली, तेव्हा तिने दिलेले आकडे बोलके होते : ग्राहकांनी भरलेल्या प्रीमियमपैकी जेमतेम ६ टक्के रक्कम दाव्यांपोटी परत जात होती, आणि काही कंपन्या प्रीमियमच्या ७० टक्क्यांपर्यंत रक्कम डीलरसारख्या मध्यस्थांना कमिशन म्हणून देत होत्या. सुधारणा केल्यावर काही कंपन्यांना पुन्हा विक्री सुरू करता आली. त्याआधी, सप्टेंबर २०१५ पासूनच, डीलरने गॅप विम्याची माहिती हातात दिल्यानंतर मध्ये पूर्ण दोन दिवस गेल्याखेरीज त्याला तो विकता येत नाही, असा नियम आहे. हा अवधी ग्राहकाने इतरत्र चौकशी करावी यासाठीच आहे आणि तो तसा वापरला तर बरेच पैसे वाचतात.

पॉलिसीची भाषाही समजण्यासारखी आहे. कमाल भरपाई किती, कोणत्या प्रकारचा वापर वगळलेला आहे, मूळ विमा सर्वसमावेशक असलाच पाहिजे का, हे सगळे पहिल्या काही पानांत सरळ लिहिलेले आहे. एक अट मात्र ठळक अक्षरांत असायला हवी होती : मूळ विमा कंपनीने देऊ केलेली रक्कम गॅप विमा कंपनीला कळवण्याआधी स्वीकारायची नाही. गाडी नुकतीच गमावलेला माणूस समोर आलेला आकडा घाईने मान्य करतो आणि त्यामुळे दावा अडकू शकतो, म्हणून ही ओळ अकराव्या पानावरच्या उपकलमात दडवून ठेवणे मला पटले नाही.

माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे. प्रत्येक पॉलिसीबरोबर दोन पानांचे एक ठरावीक नमुन्याचे माहितीपत्रक देणे विक्रेत्याला बंधनकारक आहे. त्याच्या अगदी वरच्या बाजूला, शीर्षकाखाली, ‘कंपनी’ असा शब्द आणि पुढे विमा कंपनीचे नाव व तिची नोंदणी कुठे आहे ते असते. खाली हिरव्या खुणा आणि लाल फुल्या यांची सुबक मांडणी असल्याने डोळे सरळ तिकडे जातात आणि वरची ती बारीक ओळ सुटते. या पॉलिसीच्या माहितीपत्रकावर त्या ओळीत ग्वर्नसी या इंग्लिश खाडीतल्या बेटावरच्या एका विमा कंपनीचे नाव होते आणि तिला परवाना ग्वर्नसी फायनान्शियल सर्व्हिसेस कमिशनने दिलेला होता. ब्रोकरच्या मुखपृष्ठावर मात्र ब्रिटिश नियामकाचा नोंदणी क्रमांक आणि शेजारीच फायनान्शियल सर्व्हिसेस कॉम्पेन्सेशन स्कीमचा, म्हणजे बुडालेल्या वित्तसंस्थांच्या ग्राहकांना भरपाई देणाऱ्या ब्रिटिश योजनेचा उल्लेख झळकत होता.

यातले एकही विधान खोटे नाही, आणि अडचण नेमकी तीच आहे. नोंदणी ब्रोकरची आहे. ब्रोकरने चुकीचा सल्ला दिला, कवच चुकीचे विकले आणि नंतर तो स्वतः बुडाला, तर त्याच्याविरुद्धच्या दाव्यापुरती भरपाई योजना मदतीला येऊ शकते. ज्या कंपनीने तीन वर्षे जोखीम पत्करली आहे तीच बुडाली तर काय, हा प्रश्न पूर्णपणे निराळा आहे. सक्तीच्या विम्यासाठी, म्हणजे तृतीय पक्षाच्या मोटार विम्यासाठी, ही योजना दाव्याच्या १०० टक्के भरपाई देते आणि गॅपसारख्या ऐच्छिक विम्यासाठी ९० टक्के. परंतु ज्या कंपनीला ब्रिटनचा परवाना नाही, केवळ ग्वर्नसीचा आहे, तिची पॉलिसी या छत्राखाली येत नाही. ग्वर्नसीत पौंड चालतो, टपालाचे पत्ते ब्रिटिश धाटणीचे आहेत आणि बेट राजमुकुटाच्या अधीन आहे, त्यामुळे ते युनायटेड किंगडमचा भाग नाही हे ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षे राहणाऱ्यांच्याही लक्षात येत नाही. तिथे बँक ठेवींसाठी स्वतंत्र भरपाई योजना आहे, पण मोटारीसारख्या सर्वसाधारण विम्याच्या ग्राहकांसाठी नाही.

कंपनी बुडण्याची शक्यता कितीशी, असे कोणी विचारेल. या विशिष्ट कंपनीबद्दल शंका घेण्याचे माझ्याकडे काहीही कारण नाही. पण गॅप विम्याचा घाट असा आहे की तीन-चार वर्षांचा सगळा प्रीमियम पहिल्याच दिवशी भरला जातो आणि दावा, झालाच तर, शेवटच्या वर्षी सर्वांत मोठा असतो, कारण तोपर्यंत गाडीची किंमत सर्वाधिक घसरलेली असते. वार्षिक मोटार विम्यात दर वर्षी कंपनी बदलण्याची संधी मिळते. इथे आजच्या ताळेबंदावर विश्वास टाकून अनेक वर्षांपुढची उधारी दिली जाते. शिवाय परदेशी अंडररायटर, म्हणजे पॉलिसीची जोखीम प्रत्यक्ष पत्करणाऱ्या विमा कंपन्या, बुडाल्याची उदाहरणे फार जुनी नाहीत. जिब्राल्टरची एंटरप्राइज इन्शुरन्स कंपनी २०१६ च्या जुलैमध्ये कोसळली, त्याच वर्षी लिक्टेनस्टाइनमधली गेबल इन्शुरन्स गेली, आणि २०१८ मध्ये डेन्मार्कच्या अल्फा व कुडोस या दोन कंपन्या पाठोपाठ संपल्या. या चारही कंपन्यांचे ग्राहक ब्रिटनमध्ये होते आणि त्यांतल्या अनेकांना आपला विमा कोणत्या देशातून येतो हे कंपनी बुडाल्याच्या पत्रातूनच पहिल्यांदा कळले असेल.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण ‘ऑफशोअर’ म्हटले की सगळ्यांना एकाच मापाने मोजण्याची सवय आहे. जिब्राल्टर आणि ग्वर्नसी ही दोन्ही नावे ऐकायला सारखीच दूरची वाटतात, पण ग्राहकाच्या दृष्टीने त्यांत मोठे अंतर आहे. ब्रिटनमधल्या मोटार विम्याचा बराच मोठा हिस्सा जिब्राल्टरमध्ये नोंदलेल्या कंपन्यांमार्फत येतो, त्यांत घरोघरी माहीत असलेली नावे आहेत, आणि तिथल्या अनेक कंपन्यांच्या पॉलिसींना ब्रिटिश भरपाई योजनेचे संरक्षण आहे. एंटरप्राइजच्या ब्रिटिश ग्राहकांना ते मिळालेही. म्हणून परदेशी नाव दिसताच पॉलिसी बाद करणे मला योग्य वाटत नाही. त्या नावापुढे भरपाई योजना लागू होते की नाही, हे विमा कंपनीच्या संदर्भात, ब्रोकरच्या नव्हे, लेखी विचारावे, एवढेच पुरेसे आहे.

तक्रारीचा मार्गही असाच दुभंगतो. पॉलिसी चुकीच्या पद्धतीने विकली गेली असेल तर ब्रोकरविरुद्ध लंडनच्या फायनान्शियल ऑम्बुड्समन सर्व्हिस या ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या संस्थेकडे जाता येते. ब्रोकरला उत्तरासाठी आठ आठवडे मिळतात आणि त्याच्या अंतिम उत्तरानंतर सहा महिन्यांच्या आत ऑम्बुड्समनकडे जावे लागते. पण दावाच नाकारला गेला तर तो निर्णय विमा कंपनीचा असतो, आणि ती ग्वर्नसीत असेल तर दार बदलते : २०१५ च्या नोव्हेंबरपासून काम करणारे चॅनल आयलंड्सचे, म्हणजे ग्वर्नसी ज्यांत मोडते त्या बेटांचे, स्वतंत्र ऑम्बुड्समन कार्यालय गाठावे लागते, जिथे कमाल भरपाई दीड लाख पौंडांची आहे. गॅपच्या दाव्याला ही मर्यादा भरपूर आहे, तेव्हा या बाबतीत ग्राहक उघडा पडतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. गोंधळ एवढाच, की पॉलिसीतल्या तक्रारींच्या पानावर दोन्ही कार्यालयांचे पत्ते एकाखाली एक दिले आहेत आणि कोणती तक्रार कुठे न्यायची हे एका वाक्यानेही सांगितलेले नाही.

मी ब्रोकरला ईमेलने दोनच प्रश्न विचारले : विमा कंपनी बुडाली तर भरपाई योजना लागू होते का, आणि माझे पैसे तुमच्याकडे असताना तुम्ही बुडालात तर ते कोणाकडे पोचल्याचे धरले जाईल. दुसऱ्याचे उत्तर लगेच आणि नीट आले. ब्रोकर विमा कंपनीचा प्रतिनिधी म्हणून पैसे स्वीकारतो, त्यामुळे ते त्याच्या खात्यात जमा होताच विमा कंपनीला मिळाले असे मानले जाते. हे त्यांच्या व्यवसायाच्या अटींमध्येही लिहिलेले सापडले आणि ही व्यवस्था ग्राहकाच्या बाजूची आहे. पहिल्या प्रश्नाला मात्र ‘आमची संस्था पूर्णपणे नियमनाखाली आहे’ असे उत्तर आले. पुन्हा विचारल्यावर माहितीपत्रक जोडून पाठवण्यात आले, म्हणजे जिथून प्रश्न उपजला तोच कागद परत हातात ठेवला गेला. ग्राहकसेवेतली मंडळी सभ्य होती, फोन पटकन उचलत होती, पण ज्या एका गोष्टीवर या खरेदीचा सारा भरवसा टिकून आहे तिच्याबद्दल त्यांना काहीच शिकवलेले दिसले नाही.

किंमत, पॉलिसीची भाषा आणि खरेदीतली सुलभता यांसाठी या सेवेला मी पाचपैकी चार गुण देईन आणि पारदर्शकतेसाठी जेमतेम दीड. टायर, अलॉय चाके किंवा हरवलेली किल्ली अशा छोट्या कवचांसाठी अंडररायटर कुठला आहे याची मी फारशी पर्वा करणार नाही. तिथे बुडालेच तर थोडके बुडेल, आणि खरे सांगायचे तर त्यांतली निम्मी कवचे घेण्याच्या लायकीची नसतात. पण कर्जावर घेतलेल्या महागड्या गाडीचा अनेक वर्षांचा गॅप विमा ग्वर्नसीतल्या कंपनीकडे द्यायचा असेल, तर भरपाई योजनेचे संरक्षण नाही हे उघड्या डोळ्यांनी स्वीकारूनच द्यावा, आणि त्या बदल्यात किंमत खरोखरच तेवढी कमी आहे का ते पाहावे.

माझ्या बाबतीत ती तेवढी कमी नव्हती. ब्रिटनमध्येच परवाना असलेल्या विमा कंपनीची, जवळजवळ त्याच अटींची पॉलिसी दुसऱ्या एका ब्रोकरकडे थोडक्याच जादा पौंडांत मिळत होती, म्हणून पहिली पॉलिसी चौदा दिवसांच्या मुदतीत रद्द केली. रद्द करण्याची प्रक्रिया ऑनलाइनच झाली, कारण विचारले गेले नाही, शुल्क कापले गेले नाही आणि पूर्ण प्रीमियम त्याच आठवड्यात कार्डावर परत जमा झाला. ही मुदत उलटल्यावर उरलेल्या महिन्यांच्या हिशेबाने परतावा मिळतो, पण त्यातून प्रशासकीय शुल्क वजा होते आणि एकदा दावा झाला असेल तर काहीच परत मिळत नाही.