सांगलीतला बाळांचा दवाखाना: पाचव्या दिवशीची पहिली भेट

बाळंतपणाला माहेरी आले होते. पाचव्या दिवशी लेकीला इथे नेलं तेव्हा मी अगदी रडवेली. जन्माचं वजन २.९ किलो, काट्यावर भरलं २.७. आई म्हणाली, "दूध पुरत नाहीये, वरचं सुरू करूया."

डॉक्टरबाईंनी आधी विचारलं, "दिवसात लंगोट किती ओले होतात?" सहा-सात म्हटल्यावर त्यांनी आईला शेजारी बसवून सांगितलं, की सुरुवातीला एवढं वजन उतरतंच, दोन आठवड्यांत भरून येतं. मग मला तिथेच पाजायला लावलं. लेक नुसती बोंडी चोखत होती, म्हणून भेगा! तिने मोठा आ केल्यावर भोवतीचा काळसर भागही तोंडात जाईल असं धरायला शिकवलं. दुखणं तिथल्या तिथे निम्म्यावर आलं. वीस मिनिटं दिली बाईंनी, घाई नाही.

उजेडात कावीळ आहे का ते पाहिलं, ड जीवनसत्त्वाचे थेंब दिले. घुटी, पाणी सहा महिने बंद, मध तर वर्षभर.

थांबावं मात्र दीड तास लागलं, आणि बाहेर पाजायला आडोसा नाही. ओल्या बाळंतिणीसाठी एक पडदा तरी लावाच.

बारशाच्या सकाळी पुन्हा काटा पाहिला: २.९५!